यंत्राच्या कानांतला पहिला शब्द

शहरांतील मध्यम स्थितीच्या घरांत अलीकडे एक दृश्य वारंवार दिसूं लागलें आहे. घरांतील लॅपटॉप जुना झालेला असतो, पण मोडलेला नसतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या प्रणालीच्या नेहमींच्या विनामूल्य दुरुस्त्या बंद झाल्या, आणि विंडोज ११ अशा पुष्कळ जुन्या यंत्रांना आपल्या पंक्तीस घेण्यास तयार नाहीं. मग घरांतील कॉलेजांत जाणारा मुलगा अथवा मुलगी लिनक्सचें नांव काढते. इंटरनेटवरून लिनक्सची फाइल उतरवून घेतली जाते, ती पेनड्राइव्हवर ठेवली जाते, पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या कुशींत खोंचला जातो, आणि कळ दाबली जाते. वडील मंडळी चष्मा सांवरून जवळ येतात. पडदा उजळतो, कंपनीचें चिन्ह झळकतें, आणि एक तर जुनें विंडोजच निमूटपणें उभें राहतें, किंवा काळ्या पडद्यावर, सुरू करण्याजोगें कांहीं सांपडलें नाहीं, अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ उमटते. पेनड्राइव्ह तर डोळ्यांपुढें आहे. मग यंत्राला तो दिसत कां नाहीं?

पेनड्राइव्ह खराब, नाहीं तर लॅपटॉपच बिघडला, असा निकाल बहुधा तेथल्या तेथें दिला जातो. वस्तुतः पुष्कळ वेळां दोहोंपैकीं कोणीच बिघडलेला नसतो. यंत्र सुरू होतांना त्याला पहिली आज्ञा कोणी द्यावयाची, या एकाच प्रश्नाचीं निरनिराळ्या काळांत निरनिराळीं उत्तरें दिलीं गेलीं; आणि जुन्या भिंतीवर रंगाचीं पुटें एकावर एक चढावींत त्याप्रमाणें त्यांपैकीं बरींचशीं उत्तरें आजच्या लॅपटॉपमध्यें शिल्लक राहिलीं आहेत. पेनड्राइव्ह एका काळाची भाषा बोलतो, लॅपटॉप दुसऱ्या काळाची. आणि बोलणें खुंटतें. तें कां खुंटतें, हें समजून घ्यावयाचें तर सत्तरांहून अधिक वर्षें मागें जावें लागतें.

संगणक म्हणजे आज्ञा पाळणारें यंत्र. स्मृतींत ठेवलेल्या आज्ञा एकामागून एक उचलाव्या आणि त्या पाळाव्या, याहून दुसरें कांहीं तें जाणत नाहीं. परंतु वीज बंद होतांच आजच्या यंत्राची चालू स्मृति पुसून जाते. दुसऱ्या दिवशीं कळ दाबली म्हणजे त्यास आपली तबकडी कोठें, पडदा कोणता, धनी कोण, कांहींच ठाऊक नसतें. तबकडीवरून आज्ञा वाचाव्या म्हटलें, तर 'तबकडी वाच' ही आज्ञा आधीं स्मृतींत हवी. आणि ती स्मृतींत यावयाची तर ती कोठून तरी वाचली गेली पाहिजे! डोंबारी कितीही तरबेज असला तरी तो स्वतःच्याच खांद्यावर चढूं शकत नाहीं, असा एक दृष्टांत भारतीय दर्शनग्रंथांत आहे. इंग्रजींत हाच असंभव दाखवण्यासाठीं, आपल्याच बुटाचे बंद ओढून आपणांस वर उचलणें, असें म्हणत. त्या बंदांना 'बूटस्ट्रॅप' हा शब्द आहे, आणि त्याचेंच 'बूट' हें लघुरूप आज सर्वांच्या तोंडीं बसलें आहे. बारशाच्या दिवशीं आत्या बाळाच्या कानांत नांव सांगते, तें एकदांच सांगावें लागतें. या बाळाचें बारसें मात्र रोज सकाळीं नव्यानें करावें लागतें. आणि कानाशीं तोंड नेण्याचा मान कोणाचा, हाच या इतिहासांतील खरा वाद आहे.

१९४६ सालीं अमेरिकेंत लोकांपुढें आलेल्या एनिॲक या यंत्राला ही अडचण पडली नाहीं. त्याचें काम प्रारंभीं तारांच्या जोडण्या बदलून आणि खटके फिरवून ठरवलें जाई. पहिला शब्द काय तो माणसाच्या हातांत असे. पुढें आज्ञा स्मृतींत ठेवण्याची पद्धति रूढ झाली आणि अडचण उभी राहिली. आयबीएम कंपनीनें १९५२ सालीं जाहीर केलेल्या ७०१ या यंत्रावर तिचें एक सुटसुटीत उत्तर सांपडतें. त्यावर 'लोड' नांवाची एक कळ होती. ती दाबली म्हणजे छिद्रें पाडलेल्या पत्त्यावरून, चुंबकीय फितीवरून अथवा चुंबकीय पिंपावरून, ३६ बिटांचा एकच शब्द स्मृतींत येई. कोठून वाचावयाचें हें शेजारच्या निवडीच्या खटक्यावर ठरे. त्या शब्दाच्या पहिल्या अर्ध्यांत जी आज्ञा असे ती यंत्र पाळी, आणि ती बहुधा 'आणखी शब्द आंत घे' अशीच असे. एका शब्दाच्या मागून दुसरा, दुसऱ्याच्या मागून दहा, अशा रीतीनें डोंबारी अखेर आपल्या खांद्यावर चढला. आज लॅपटॉपचा बूट मेन्यू उघडून त्यांत पेनड्राइव्हच्या नांवावर बोट ठेवणारा मनुष्य नकळत तोच खटका फिरवीत असतो.

१९६५ सालीं डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशननें पीडीपी-८ हें लहान यंत्र विक्रीस काढलें. त्याच्या दर्शनी भागावर बारा खटक्यांची एक ओळ होती. कारण त्याचा शब्द बारा बिटांचा होता. कागदी फीत वाचण्यापूर्वीं चालकानें हे खटके वरखालीं करून सुमारें सोळा-सतरा शब्दांची एक चिमुकली आज्ञावली हातानें स्मृतींत भरावयाची असे. एक खटका चुकला कीं सर्व मुसळ केरांत. सुदैवानें त्या यंत्राची स्मृति चुंबकीय कड्यांची असल्यामुळें वीज गेली तरी ती टिके, आणि दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीनें ते शब्द तुडवले नाहींत तोंवर ते पुन्हां भरावे लागत नसत. ज्या हातांनीं यंत्र चालवावयाचें त्याच हातांनीं त्याला पहिला शब्द सांगावयाचा, असा तो काळ होता. त्यांत श्रम होते, पण संशय नव्हता.

या काळाच्या शेवटचा एक प्रसंग पुढील इतिहासाच्या दृष्टीनें मोठा अर्थपूर्ण आहे. १९७५ सालीं अल्टेअर ८८०० हें घरगुती संगणकाचें संच अमेरिकेंत प्रसिद्धीस आलें. बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोघां तरुणांनीं त्यासाठीं बेसिक भाषेची आज्ञावली तयार केली. तीही अल्टेअर प्रत्यक्ष न पाहतां, हार्वर्ड विद्यापीठांतील एका मोठ्या यंत्रावर त्याची नक्कल उभारून. ती दाखवण्यासाठीं ॲलन विमानानें अल्बुकर्कीस निघाले. विमान खालीं उतरूं लागलें तेव्हां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, फीत तर बरोबर आहे, पण ती वाचण्यास यंत्राला सांगणारी पहिली आज्ञावलीच कोणी लिहिलेली नाहीं! त्यांनीं ती विमानांतच कागदावर लिहून काढली. दुसऱ्या दिवशीं खटके वरखालीं करून ती अल्टेअरमध्यें भरली, फीत लावली, आणि दोन अधिक दोन किती असें विचारतांच यंत्रानें चार हा आंकडा छापून दाखवला. त्याच वर्षीं या दोघांनीं मायक्रोसॉफ्ट ही कंपनी स्थापन केली. ज्या कंपनीचा जन्म अशा हातानें लिहिलेल्या पहिल्या शब्दावर अवलंबून होता, तिच्याच स्वाक्षरीवांचून पुढें बहुतेक लॅपटॉप कोणाचाही पहिला शब्द ऐकेनासे व्हावेत, हा काळाचा खेळ म्हणावयाचा.

खटके फिरवणें घरगुती गिऱ्हाइकास झेपणारें नव्हतें. म्हणून पहिल्या आज्ञा कधीं न पुसणाऱ्या चिपमध्यें कोरून ठेवण्याची पद्धति सार्वत्रिक झाली. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आयबीएमनें आपला पीसी बाजारांत आणला. त्यांतील अशा कोरीव आज्ञावलीचें नांव 'बायॉस'. हें नांव गॅरी किल्डाल यांच्या सीपी/एम या प्रणालींतून आलेलें. कळ दाबतांच पीसीचा प्रोसेसर एका ठराविक पत्त्यावरून पहिली आज्ञा उचली, आणि त्या पत्त्यावर बायॉस बसलेला असे. स्मृति, कळफलक इत्यादींची तपासणी आटोपली कीं तो फ्लॉपीच्या अथवा तबकडीच्या अगदीं पहिल्या तुकड्याकडे वळे. हा तुकडा केवळ ५१२ बाइटांचा. पुढें रूढ झालेल्या रचनेंत तबकडीच्या या तुकड्यांतील ४४६ बाइट आज्ञांसाठीं, ६४ बाइट तबकडीच्या वाटणीच्या कोष्टकासाठीं, आणि शेवटचे दोन बाइट खुणेसाठीं राखलेले असत. ती खूण जागेवर असली कीं बायॉस तो तुकडा स्मृतींत आणून सर्व कारभार त्याच्या स्वाधीन करी. तूं कोण, कोणाचा, कोठून आलास, असा एकही प्रश्न तो विचारीत नसे.

या अनास्थेंतच त्या यंत्राचें औदार्य होतें. आयबीएमनें बायॉसची संपूर्ण संहिता आपल्या तांत्रिक ग्रंथांत छापली होती. तिची उचलेगिरी न करतां तसाच वागणारा बायॉस कॉम्पॅक कंपनीनें लिहून घेतला, आणि १९८२ सालीं आपला संगणक जाहीर केला. पाठोपाठ इतर आले. जो कोणी ५१२ बाइटांत आपला पहिला शब्द बसवूं शकेल, त्याला जगांतील सर्व पीसी मोकळे होते. पण उघड्या दारानें पाहुणा येतो तसा चोरही येतो. १९८६ सालीं लाहोर येथील दोघां भावांनीं लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू याच पहिल्या तुकड्यांत शिरून बसे. मूळ तुकडा तो दुसरीकडे हलवी, आणि फ्लॉपीमागून फ्लॉपी असा देशोदेशीं पसरे. त्यांत त्यांच्या दुकानाचा पत्ताही होता. आयबीएम पीसीवरील पहिला विषाणू म्हणून तो ओळखला जातो. पहिला शब्द कोणीही उच्चारावा या व्यवस्थेंत, तो कोणीही उच्चारूं शकतो, हाच धोकाही होता. पुढील कलहांत दोन्ही पक्षांना थोडाथोडा न्याय द्यावा लागतो, याचें मूळ येथें आहे.

लिनक्सचा जन्म या उघड्या दाराच्या काळांतला. हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनीं २५ ऑगस्ट १९९१ रोजीं आपल्या नव्या प्रणालीची वार्ता दिली, आणि पुढील महिन्यांत तिची पहिली आवृत्ति निघाली. तिला यंत्रावर उभें करण्याचें काम वर्नर आल्मेसबर्गर यांची 'लिलो' ही आज्ञावली पुष्कळ वर्षें करीत असे. लिलोची एक गंमत जुन्या मंडळींच्या स्मरणांत असेल. ती आपल्या नांवाचीं चार इंग्रजी अक्षरें एकदम न छापतां, कामाचा एकेक टप्पा पार पडला कीं एकेक अक्षर छापी. चारही अक्षरें उमटलीं तर सर्व कुशल. नुसतें पहिलेंच अक्षर उमटून यंत्र थबकलें, तर पहिला भाग आला पण दुसरा वाचतां आला नाहीं. दोन उमटलीं, तर दुसरा भाग आला पण तो चालूं शकला नाहीं, असें समजावें. यंत्र कोठें अडखळलें हें तें आपलें नांव अर्धवट उच्चारून सांगत असे. आजच्या लॅपटॉपचा रंगीत पडदा पुष्कळदां इतकीही माहिती देत नाहीं.

फ्लॉपीनंतर सीडी आली. पण बायॉसला सीडी वाचून यंत्र सुरू करण्याची विद्या अवगत नव्हती. १९९५ सालीं फीनिक्स आणि आयबीएम यांनीं मिळून 'एल टोरिटो' नांवाची पद्धति ठरवली. तिच्यांतील मुख्य युक्ति अशी कीं, सीडीच्या पोटांत फ्लॉपीचें एक चित्र ठेवावें आणि बायॉसला ती फ्लॉपीच भासवावी. या युक्तीमुळें २००० सालीं जर्मनीचे क्लाउस क्नॉपर यांना 'क्नॉपिक्स' ही लिनक्सची सीडी काढतां आली. ती घालून यंत्र सुरू केलें कीं तबकडीस हात न लावतां संपूर्ण लिनक्स डोळ्यांपुढें उभें राही. सीडी काढून घेतली कीं यंत्र पूर्ववत्. घर न मोडतां नव्या घरीं दोन दिवस राहून पाहावें, तशी ही सोय होती. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहण्याची आजची रीत तिचीच संतति होय.

त्याच २००० सालीं पेनड्राइव्ह बाजारांत आले. आयबीएमनें विकलेल्या पहिल्या पेनड्राइव्हची सांठवण होती अवघी ८ मेगाबाइट. बायॉसला ही वस्तुही अनोळखी, म्हणून पुन्हां तेंच सोंगाचें राजकारण: कोणी तिला फ्लॉपी मानी, कोणी झिप तबकडी, कोणी हार्डडिस्क. एका यंत्रावर चालणारा पेनड्राइव्ह शेजारच्या यंत्रावर चालत नसे, तें यामुळें. आजही घरोघरीं होणारी पहिली चूक या काळाच्या खुणा बाळगते. उतरवून घेतलेली लिनक्सची 'आयएसओ' फाइल म्हणजे वस्तुतः एका संपूर्ण सीडीचा ठसा असतो. ती फाइल एखाद्या छायाचित्राप्रमाणें पेनड्राइव्हवर नुसती ठेवून दिली, तर पेनड्राइव्हच्या पहिल्या तुकड्यांत कांहींच बदल होत नाहीं. पत्र पाकिटांत तर आहे, पण पाकिटावर पत्ता नाहीं, अशी गत होते. तो ठसा रूफससारख्या आज्ञावलीनें पेनड्राइव्हवर पहिल्या बाइटापासून उमटवावा लागतो. सीडीच्या मूळ नियमांत आरंभीचे ३२,७६८ बाइट मोकळे सोडलेले होते. लिनक्सच्या कारागिरांनीं नेमक्या त्या रिकाम्या ओसरींत हार्डडिस्कचा पहिला तुकडा नेऊन बसवला, आणि एकच ठसा सीडीवर सीडीसारखा व पेनड्राइव्हवर हार्डडिस्कसारखा चालूं लागला.

इकडे बायॉसच म्हातारा होत चालला होता. ६४ बाइटांच्या कोष्टकांत चारच वाटे मावत, आणि ५१२ बाइटांच्या तुकड्यांनीं मोजणाऱ्या तबकडीचा सुमारें दोन टेराबाइटांपलीकडील भाग त्या कोष्टकास मोजतांच येत नसे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धांत इंटेल कंपनीनें इटेनियम या आपल्या मोठ्या प्रोसेसरसाठीं नवी व्यवस्था आंखली. तिचें नांव पुढें 'ईएफआय' पडलें, आणि २००५ सालीं अनेक कंपन्यांच्या मंडळाकडे ती सोंपवल्यावर 'यूईएफआय'. नव्या व्यवस्थेंत पहिल्या तुकड्याचा मान गेला. यंत्र आतां पेनड्राइव्हवरील फॅट पद्धतीचा विभाग उघडून त्यांत ईएफआय नांवाच्या कप्प्यांत, बूट नांवाच्या उपकप्प्यांत, ठरलेल्या नांवाची फाइल शोधूं लागलें. म्हणजे पूर्वीं ठराविक जागा पाहत, आतां ठराविक नांव पाहूं लागले. कित्येक वर्षें लॅपटॉपमध्यें जुनें व नवें अशीं दोन्ही दारें होतीं. विंडोज एका दारानें आणि लिनक्स दुसऱ्या दारानें घरांत घेतलें कीं दोघांची गांठ पडत नसे. जुनें दार २०२० पर्यंत बंद करण्याचा मनोदय इंटेलनें २०१७ सालीं जाहीर केला, आणि नव्या यंत्रांत तें बहुतेक नाहींसें झालें.

कागदावर नियम उत्तम होते. ते पाळणारे मात्र घाईंत होते. २०१२ सालीं लिनक्सच्या या भागावर काम करणारे मॅथ्यू गॅरेट यांना लेनोव्होच्या एका मेजावरील संगणकांत एक चमत्कार आढळला. त्यावर फेडोरा लिनक्स बसवलें तर तें सुरू होईना. शोध करतां असें दिसलें कीं, तें यंत्र बूट यादींतील नांवच वाचून पाहत असे, आणि 'विंडोज बूट मॅनेजर' अथवा 'रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स' या दोन नांवांखेरीज तिसऱ्यास दार उघडीत नसे! जानेवारी २०१३ मध्यें सॅमसंगचे कांहीं लॅपटॉप नव्या पद्धतीनें लिनक्स सुरू करतांच कायमचे निकामी झाल्याच्या तक्रारी आल्या. प्रथम दोष लिनक्सच्या माथीं आला. पण यंत्रांतील त्या चिमुकल्या कायम स्मृतींत अधिक मजकूर सांठला कीं यंत्रच कोलमडतें, आणि विंडोजमधूनही तोच प्रकार घडवतां येतो, हें गॅरेट यांनीं दाखवून दिलें. त्याच सुमारास निघालेल्या कित्येक स्वस्त यंत्रांत प्रोसेसर ६४ बिटांचा आणि यूईएफआय मात्र ३२ बिटांचें अशी विजोड जोडी होती. ६४ बिटांची फाइल पेनड्राइव्हवर असूनही त्यांना ती दिसत नसे. तेव्हां लॅपटॉप पेनड्राइव्हला नकार देतो तेव्हां नेहमीं घरच्या माणसाचीच चूक असते, असें मुळींच नाहीं.

या सर्वांहून मोठा वाद सप्टेंबर २०११ मध्यें सुरू झाला. विंडोज ८ चें प्रमाणचिन्ह ज्या यंत्रांवर लावावयाचें त्यांत 'सिक्युअर बूट' चालू असलें पाहिजे, अशी मायक्रोसॉफ्टची अट प्रसिद्ध झाली. या व्यवस्थेंत यंत्राजवळ दोन याद्या असतात: कोणाच्या स्वाक्षऱ्या मानावयाच्या त्यांची एक, आणि कोणास दाराबाहेर ठेवावयाचें त्यांची दुसरी. स्वाक्षरी नसलेला पहिला शब्द यंत्र ऐकतच नाहीं. लाहोरच्या विषाणूची आठवण ठेवली तर या सावधगिरीस आधार होता, हें मान्य करावें लागेल. पण बाजारांतील जवळजवळ प्रत्येक यंत्रांत ज्याची किल्ली हमखास असेल असा कारखानदार एकच: मायक्रोसॉफ्ट. मग यंत्र विकत घेणाऱ्याचें, कीं स्वाक्षरी करणाऱ्याचें? फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननें निषेधाची मोहीम उघडली. नेहमींच्या पीसीवर मालकास ही व्यवस्था बंद करण्याची सोय राहील, असें मायक्रोसॉफ्टच्या नियमांत होतें. एआरएम प्रोसेसरच्या यंत्रांवर मात्र ती नव्हती, आणि २०१५ सालीं विंडोज १० बरोबर पीसीवरही ती सोय ठेवणें न ठेवणें कारखानदाराच्या मर्जीवर सोडलें गेलें.

फेडोराच्या मंडळींपुढें या वेळीं दोन मार्ग होते. कारखानदारांना गांठून स्वतःची किल्ली यंत्रांत घालून घ्यावी, हा पहिला. तो त्यांनीं सोडला. कारण मोठ्या कंपनीचें पाठबळ असलेल्या फेडोराला तो कदाचित् साधला असता, पण लहान लहान लिनक्स मंडळांना तो कधींच साधला नसता, आणि आपण आंत जाऊन मागच्यांवर दार लोटणें त्यांस प्रशस्त वाटेना. दुसरा मार्ग कमीपणाचा, पण सर्वांच्या उपयोगाचा होता. ९९ डॉलरांचें शुल्क भरावयाचें आणि एका अगदीं छोट्या आज्ञावलीवर मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी घ्यावयाची. तिचें नांव 'शिम'. फटींत ठोकावयाची पाचर, असा त्याचा अर्थ. यंत्र स्वाक्षरी पाहून शिमला आंत घेतें, आणि शिम पुढें लिनक्सला. नोव्हेंबर २०१२ च्या अखेरीस गॅरेट यांनीं स्वाक्षरी केलेली शिम कोणासही वापरतां येईल अशी प्रसिद्ध केली. तींत सूसे कंपनीनें सुचवलेली एक कल्पना सामावलेली होती, आणि या इतिहासांतील सर्वांत मानाची गोष्ट तीच होय. तिचें नांव 'मशीन ओनर की', अर्थात् यंत्राच्या धन्याची किल्ली. यंत्रासमोर प्रत्यक्ष बसलेल्या माणसानें कळफलकावरून संमति दिली, तर त्याची स्वतःची किल्लीही यंत्राला मान्य व्हावी, अशी ही तरतूद.

याद्या असल्या म्हणजे त्या वाढतात. जुलै २०२० मध्यें लिनक्स सुरू करणाऱ्या ग्रब या आज्ञावलींत एक गंभीर छिद्र उघडकीस आलें, आणि पूर्वीं स्वाक्षरी मिळालेल्या कित्येक जुन्या आवृत्त्या बहिष्कृत कराव्या लागल्या. ऑगस्ट २०२४ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या एका दुरुस्तीनें विंडोज व लिनक्स शेजारीं शेजारीं नांदणाऱ्या पुष्कळ यंत्रांवर लिनक्सला अटकाव झाला. पडद्यावर, कांहीं तरी फार बिघडलें आहे, अशा अर्थाची ओळ उमटूं लागली. काल चालणारा पेनड्राइव्ह आज नाकारला जातो, तो बहुधा अशा बहिष्कारामुळें. शिवाय ज्या प्रमाणपत्रानें शिमवर स्वाक्षरी होई तें २०११ सालचें, आणि त्याची मुदत २०२६ पर्यंतचीच ठेवलेली होती. म्हणून २०२३ सालीं नवें काढावें लागलें. २०२२ पासून कांहीं नव्या लॅपटॉपांवर तर विंडोजखेरीज इतरांसाठीं असलेलें प्रमाणपत्र मुळांतच बंद ठेवलेलें असतें, आणि तें मालकानें सेटिंगमध्यें जाऊन स्वतः चालू करावें लागतें.

हा इतिहास ध्यानांत ठेवला म्हणजे घरच्या लॅपटॉपचा नकार वाचतां येऊं लागतो. बूट मेन्यूंत पेनड्राइव्हचें नांवच नसेल, तर भांडण पहिल्या शब्दाच्या जागेचें आहे: ठसा नीट उमटलेला नाहीं, फाइल अर्धवट उतरली आहे, अथवा घाईनें जागें होणाऱ्या यंत्रानें यूएसबीकडे पाहिलेंच नाहीं. फाइलीबरोबर दिलेली तपासणीची संख्या ताडून पाहावी, आणि विंडोज नुसतें बंद न करतां 'रीस्टार्ट' करावें. कारण त्याचें नेहमींचें बंद होणें पुष्कळदां अर्धी झोंप असते. नांव आहे पण सुरक्षेचें कारण सांगून नकार येत असेल, तर भांडण स्वाक्षरीचें आहे: प्रथम लिनक्सची नवी आवृत्ति घ्यावी. त्यानेंही न भागल्यास सिक्युअर बूट तात्पुरतें बंद करतां येतें. परंतु त्याआधीं बिटलॉकरची पुनर्प्राप्तीची किल्ली कागदावर उतरून ठेवावी, नाहीं तर स्वतःच्याच विंडोजपुढें परका होण्याची पाळी येते. ग्रबची यादी दिसून नंतर पडदा काळा पडत असेल, तर पहिला शब्द पोंचलेला आहे. अडचण बहुधा चित्र उमटवणाऱ्या चिपची आहे, आणि ग्रबच्या यादींत 'नोमोडसेट' हा शब्द जोडून ती पुष्कळदां टळते. लिनक्स चालूं लागलें पण आंतली तबकडी दिसत नसेल, तर ती इंटेलच्या एका निराळ्या पद्धतीआड झांकलेली असण्याचा संभव असतो. ती पद्धति विंडोजची तयारी केल्यावांचून बदलूं नये.

शिमच्या नव्या किल्लीची नोंद करतांना कधीं कधीं निळ्या रंगाचा एक ओबडधोबड पडदा दिसतो. कांहीं सेकंद थांबून तो निघून जातो. पुष्कळ माणसें त्याला घाबरतात, कांहीं तरी बिघडलें असें समजून भलतीच कळ दाबतात, आणि मग लिनक्सचा एखादा भाग कां चालत नाहीं म्हणून तासन्‌तास शोध करीत बसतात. वास्तविक सत्तर वर्षांच्या या वाटचालींत पहिला शब्द खटक्यांवरून चिपमध्यें, चिपमधून तबकडीच्या कोपऱ्यांत आणि तेथून दूरच्या एका कंपनीच्या स्वाक्षरींत गेला. त्या निळ्या पडद्यावर यंत्र क्षणभर मागें वळून पाहतें, आणि समोर बसलेल्यास विचारतें कीं, ही किल्ली आपली समजूं काय? पीडीपी-८ च्या चालकास जो अधिकार बारा खटक्यांत सहज मिळे, त्याचा तेवढाच अंश घरच्या माणसाच्या हातीं उरला आहे. म्हणून त्या पडद्यापुढें घाई करूं नये. तेथें होय म्हणणारा मनुष्य आपल्या यंत्राच्या कानांत स्वतःच्या तोंडानें नांव सांगत असतो.